धक्का जातो कुठे? ताकदवान पिस्तुलाचा हिशेब आणि झीज

१० मिमी ऑटोसारखं जोरकस काडतूस झाडणारं पिस्तूल हाती आलं की बहुतेकांना पहिला सल्ला एकच मिळतो: आतली रिकॉइल स्प्रिंग काढ आणि जास्त कडक बसव. धक्का कमी बसेल, पिस्तूलही जास्त टिकेल. हा सल्ला इतका सहज पटतो की मीही तो बरेच दिवस मानला आणि इतरांना दिलाही. मग एकदा कागद-पेन्सिल घेऊन आकडे मांडले, आणि तेव्हापासून सरसकट कडक स्प्रिंग सुचवणं सोडून दिलं. कारण समजायचं तर गोळी सुटताना आत काय घडतं ते आधी सावकाशीनं बघावं लागेल.

आजची बहुतेक सेमी-ऑटोमॅटिक पिस्तुलं जॉन ब्राउनिंग यांनी शंभराहून जास्त वर्षांपूर्वी बसवून दिलेल्या पद्धतीवरच चालतात. वर मागेपुढे सरकणारी स्लाइड, तिच्या पोटात नळी, आणि खाली मूठ असलेली फ्रेम. चाप ओढला त्या क्षणी नळी आणि स्लाइड एकमेकींत घट्ट अडकलेल्या असतात. गोळी पुढे ढकलली जाते तशी ही जोडी मागे ढकलली जाते. काही मिलिमीटर दोघी एकत्र सरकतात, मग नळीचं मागचं टोक खाली झुकतं, अडकण सुटते, नळी थांबते आणि स्लाइड एकटी मागे जाते. जाताना एक्स्ट्रॅक्टरच्या नखानं रिकामी पुंगळी ओढून नेते, इजेक्टरवर आपटून ती पुंगळी बाहेर उडते, घोडा मागे पडतो, स्प्रिंग दाबली जाते. शेवटी स्लाइड फ्रेमवर आदळते. मग स्प्रिंग तिला पुढे लोटते, वाटेत मॅगझिनमधलं वरचं काडतूस ती चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकातल्या काडतुसाच्या जागेत, ढकलते आणि अडकण पुन्हा बसते. हे सगळं साधारण सेकंदाच्या विसाव्या भागात आटोपतं.

गोळी मात्र एका मिलिसेकंदाच्या आतच नळीबाहेर पडलेली असते. तोवर स्लाइड जेमतेम दोन मिलिमीटर हललेली असते. म्हणजे हाताला जो धक्का जाणवतो तो जवळजवळ सगळा गोळी गेल्यानंतरचा. आपण धक्का आवरतो तो पुढच्या गोळीसाठी.

आता हिशेब. १० मिमीचं एक जोरदार काडतूस घेऊ: ११.७ ग्रॅमची गोळी, वेग सेकंदाला ३८० मीटर. वस्तुमान गुणिले वेग म्हणजे संवेग. तो होतो सुमारे ४.४५ किलोग्रॅम-मीटर प्रतिसेकंद. दारू जळून झालेला वायूही पुढे फेकला जातो. दारू अर्ध्या ग्रॅमच्या आसपासच असते, पण वायूचा वेग प्रचंड असल्यानं त्याचे आणखी ०.७ धरावे लागतात. एकूण ५.१५ च्या जवळपास. पुढे जेवढा संवेग गेला तेवढाच मागे येणार, हा न्यूटनचा तिसरा नियम, आणि त्यातून कोणतीही स्प्रिंग, कोणतीही पकड, कोणतीही महागडी जोडणी सुटका करून देत नाही. हाताला शेवटी तेवढा संवेग झेलावाच लागतो. आपल्या हाती असतं ते इतकंच की तो किती वेळात आणि कोणत्या भागांमार्फत यावा.

.४५ एसीपी या जुन्या पिस्तूल-काडतुसाचा हिशेब याच्याशेजारी ठेवून बघा. १४.९ ग्रॅमची गोळी सेकंदाला २५५ मीटर वेगानं गेली तर वायूसकट संवेग येतो ४.२ च्या आसपास. १० मिमीचा आकडा याच्या सव्वापट. ऐकायला फार वाटत नाही. पण ऊर्जा वेगाच्या वर्गानं वाढते, त्यामुळे तेवढ्याच वजनाची स्लाइड दीडपट ऊर्जा घेऊन मागे येते. फ्रेमला, पिनांना, लगांना (नळीला अडकवून धरणाऱ्या पोलादी दातांना) जे सोसावं लागतं ते या दीडपटीचं.

स्लाइड आणि नळी मिळून ६०० ग्रॅमची असतील तर जोडीचा वेग सेकंदाला ८.६ मीटरच्या जवळ जातो आणि तिच्यातली गतिज ऊर्जा होते सुमारे २२ ज्यूल. नळी थांबते तेव्हा तिच्या वाट्याची ऊर्जा लगांमार्फत फ्रेममध्ये जाते. उरलेली, म्हणजे साधारण १८ ज्यूल, स्लाइड घेऊन जाते.

आता ती गाजलेली स्प्रिंग. १६ पौंडी स्प्रिंग म्हणजे स्लाइड पूर्ण मागे असताना सुमारे ७१ न्यूटन जोर लावणारी. सुरुवातीला जोर कमी असतो, म्हणून सरासरी ५० न्यूटन धरू. स्लाइडचा प्रवास पाच सेंटिमीटर. स्प्रिंग गिळते अडीच ज्यूल. तिच्या जागी २२ पौंडी बसवली तर सरासरी ७० न्यूटन, म्हणजे साडेतीन ज्यूल. एवढी खटपट करून फरक पडला एका ज्यूलचा. अठरापैकी एक.

हाच तो कागद, ज्यानं माझं मत बदललं. रिकॉइल स्प्रिंगचं खरं काम स्लाइड थांबवणं हे नाहीच. स्लाइडला परत पुढे नेणं, काडतूस भरणं आणि अडकण पूर्ण बसवणं, यासाठी ती असते. मागे जाताना ती थोडी मदत करते इतकंच.

आणि त्या एका ज्यूलची किंमत मोजावी लागते. कडक स्प्रिंगनं साठवलेली ऊर्जा कुठे जात नाही, स्लाइड पुढे येताना ती परत मिळते. स्लाइड जोरानं बंद होते, नळीचं तोंड खाली आपटल्यासारखं झुकतं, आणि पुढच्या नेमासाठी ते वर आणावं लागतं. बंद होतानाचा तो घाव नळीखालच्या लगांवर आणि स्लाइड-स्टॉपच्या (स्लाइड मागे अडकवून ठेवणाऱ्या कळीच्या) पिनेवर पडतो. मागचा मार कमी करायला गेलो आणि पुढचा वाढवून बसलो, असा हा प्रकार. शिवाय मॅगझिनची स्प्रिंग तिच्या पूर्वीच्याच गतीनं काडतूस वर ढकलत असते. स्लाइड लवकर परतली तर काडतूस जागेवर पोचलेलंच नसतं. ते नाक खाली करून अडकतं किंवा स्लाइड त्याच्या वरून निघून जाते. सौम्य काडतुसं वापरायची म्हटली तर स्लाइड पूर्ण मागेच जात नाही. कारखान्यानं दिलेल्या स्प्रिंगपेक्षा एखाद-दोन पौंड जास्त, तेही खरोखरच जोरदार काडतुसं नेहमी झाडत असाल तर, यापुढे जाण्यात मला अर्थ दिसत नाही.

मग कशानं फरक पडतो? वजनानं. स्लाइड-नळीची जोडी ६०० ऐवजी ७५० ग्रॅमची असेल तर तिचा वेग ६.९ वर येतो आणि ऊर्जा २२ वरून १८ ज्यूलवर. स्प्रिंगच्या सहा पौंडांनी जे साधलं त्याच्या चौपट काम दीडशे ग्रॅम पोलादानं केलं, आणि पुढे येताना कुठलाही जादा जोर न लावता. १० मिमीचं ग्लॉक २० आणि ९ मिमीचं ग्लॉक १७ शेजारी ठेवा: २० ची स्लाइड नुसती बघूनही रुंद आणि भरीव दिसते. ते वजन कामासाठीच ठेवलेलं आहे. म्हणून अशा पिस्तुलाची स्लाइड हलकी दिसावी म्हणून तिला खिडक्या पाडून घेणं मला पटत नाही. दिसायला छान, पण पोलाद नेमकं जिथे हवं तिथून काढून टाकलेलं.

दुसरी जागा घोड्याची. मागे येणारी स्लाइड घोड्याला ढकलून पाडते, आणि त्यात तिची शक्ती खर्च होते. १९११ या ब्राउनिंग यांच्या प्रसिद्ध पिस्तुलाच्या घराण्यात हे ढकलणं फायरिंग पिन स्टॉप नावाच्या छोट्या पोलादी पट्टीच्या खालच्या कडेनं होतं. ती कड फार गोलावलेली असेल तर स्लाइडला घोडा सहज पाडता येतो. कड जवळजवळ सरळ ठेवली तर ती घोड्याला त्याच्या पिनेच्या जास्त जवळ, म्हणजे कमी फायद्याच्या जागी ढकलते, आणि स्लाइडला सुरुवातीलाच अडखळावं लागतं. पुढे येताना या भागाचा काही संबंध नसतो. ही युक्ती म्हणूनच मला फार आवडते, पण कड बसवण्याचं काम जाणत्या कारागिराचं आहे, घरी कानस घेऊन करायचं नाही.

नळीच्या तोंडाशी बसणारा कॉम्पेन्सेटर वायू वरच्या दिशेनं सोडतो आणि तोंड उसळण्याला विरोध करतो. जितका वायू जास्त आणि दाब जास्त तितका तो परिणामकारक, त्यामुळे १० मिमीला तो चांगला लागू पडतो. आवाज आणि ज्वाळा वाढतात. झुकणाऱ्या नळीला तो वजनही लावतो. तेव्हा त्यासोबत स्प्रिंग हलकी करावी लागण्याची शक्यता असते.

पण सगळ्यात मोठा फरक काडतुसानं पडतो, आणि याचा पुरावा १० मिमीच्या इतिहासातच आहे. १९८३ साली ब्रेन टेन या पिस्तुलासोबत हे काडतूस आलं. ते पुढे आणण्यात पिस्तूल चालवण्याचे अमेरिकी प्रशिक्षक जेफ कूपर यांचा हात होता, आणि नॉर्मा कंपनीनं बनवलेलं मूळ काडतूस सुमारे १३ ग्रॅमची गोळी सेकंदाला ३६५ मीटर वेगानं फेकायचं. १९८६ च्या एप्रिलमध्ये मायामीत झालेल्या चकमकीत एफबीआयचे दोन एजंट मारले गेले. त्यानंतर एफबीआयनं अधिक भरवशाच्या काडतुसाचा शोध घेतला आणि १० मिमी निवडलं. मात्र पूर्ण जोराचं काडतूस त्यांनी घेतलं नाही. ११.७ ग्रॅमची गोळी सेकंदाला २९० मीटरच्या आसपास, असं सौम्य काडतूस ठरवलं गेलं. मग लक्षात आलं की इतकाच जोर हवा असेल तर पुंगळीची एवढी लांबी लागतच नाही. आखूड पुंगळीचं .४० स्मिथ अँड वेसन १९९० साली त्यातूनच जन्मलं. सरावासाठी सौम्य काडतुसं आणि गरजेपुरती जोरदार, ही वाटणी मी म्हणूनच आग्रहानं सांगतो. हाताला आणि पोलादाला दोघांनाही ती मानवते.

काडतूस आणखी वाढत गेलं की ब्राउनिंगची पद्धतच अपुरी पडू लागते. डेझर्ट ईगलमध्ये नळी फ्रेमवर पक्की असते. चेंबरजवळून घेतलेला वायू नळीखालच्या वाटेनं पुढे जातो, तिथला पिस्टन स्लाइडला मागे ढकलतो आणि गोल फिरणारा बोल्ट अडकण सोडतो. वजन दोन किलोच्या घरात. या पिस्तुलात तांब्याचं आवरण नसलेली नुसत्या शिशाची गोळी वापरायची नसते, कारण वितळून सुटलेलं शिसं त्या बारीक वायुछिद्रात साचतं आणि पिस्तूल चालेनासं होतं.

आता हात. नळी मुठीच्या वर असते, म्हणून सरळ मागे येणारा जोर मनगटाभोवती फिरवणारा होतो आणि तोंड वर उसळतं. हात जितका वर, स्लाइडच्या जितका जवळ, तितकी ही तरफ आखूड. आधाराच्या हाताचा तळवा मुठीच्या उघड्या बाजूला पूर्ण टेकलेला हवा, बोटं चापाच्या कड्याखाली घट्ट, मनगटं ताठ, कोपरं किंचित सैल. अंगठे मात्र स्लाइडच्या वाटेत येता कामा नयेत. तोंड थोडं उसळणारच. ते दरवेळी सारखंच उसळून त्याच जागी परत आलं की काम झालं. जोर लावून ते उसळूच न देण्याच्या हट्टानं उलट नेम बिघडतो.

मनगट ढिलं राहिलं तर केवळ नेम जातो असं नाही. स्लाइडला मागे जायला फ्रेम स्थिर लागते. फ्रेमच तिच्यासोबत मागे पळाली तर दोघींमधलं अंतर पुरेसं उघडत नाही, आणि रिकामी पुंगळी स्लाइडमधल्या बाहेर पडायच्या खिडकीत उभी अडकते. असं झालं की लोक आधी स्प्रिंगला दोष देतात. पिस्तूल दुसऱ्या जाणत्या माणसाच्या हातात देऊन पाहावं. तिथे ते बिनबोभाट चाललं तर दोष मनगटाचा.

धक्क्याच्या धास्तीनं हात आधीच खाली दाबला जाणं हा जोरदार पिस्तुलाचा सर्वात चिवट रोग. तो पाहायचा तर कोणाला तरी मॅगझिनमध्ये मध्येच एखादं दारू नसलेलं सरावाचं काडतूस भरायला सांगा. चाप ओढला, घोडा नुसता ‘टक’ वाजला, आणि तरीही नळीचं तोंड दोन बोटं खाली गेलं, तर समोरच उत्तर आहे. कानांवर दुहेरी संरक्षण घेतलं की ही धास्ती बरीच उतरते, कारण तिच्यात धक्क्याइतकाच वाटा आवाजाचा असतो.

राहिली झीज, आणि इथे रिकॉइल स्प्रिंगला तिचा योग्य मान द्यावाच लागतो. ती कडक असण्यापेक्षा ताजी असणं महत्त्वाचं. जुनी आणि नवी स्प्रिंग टेबलावर शेजारी ठेवा. जुनी दोन-तीन वेटोळ्यांनी आखूड झालेली दिसेल. ती थकली की पुंगळ्या लांब जाऊ लागतात: त्याच पिस्तुलातून, त्याच काडतुसांनी, पूर्वी दोन-तीन मीटरवर पडणाऱ्या पुंगळ्या पाच-सहा मीटरवर सापडतात. स्लाइड कधीकधी शेवटचे दोन मिलिमीटर बंद व्हायची राहते. इथवर थांबायचंच नाही. किती गोळ्यांनी स्प्रिंग बदलायची ते निर्मात्याच्या पुस्तिकेत असतं, आणि जोरदार काडतुसांसाठी तो आकडा काही हजारांपुरताच असतो. एक वही ठेवा, त्यात झाडलेल्या गोळ्या मांडा. अंदाजानं चालणाऱ्या माणसाचा आकडा नेहमीच खऱ्यापेक्षा कमी निघतो. मॅगझिनच्या स्प्रिंगाही त्याच वहीत हव्यात.

पुंगळीसुद्धा वाचायला शिकावं. १० मिमीसाठी कमाल दाबाची मर्यादा ३७,५०० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) आहे, .४५ एसीपीसाठी २१,०००. चेंबरच्या तळाशी, जिथून काडतूस वर चढतं, तिथे पुंगळीचा थोडा भाग पोलादाच्या आधाराविना राहतो. दाब जास्त झाला किंवा अडकण लवकर सुटली की नेमका तोच भाग फुगतो आणि पितळेवर चंद्रकोरीसारखी उंचवट्याची रेघ उमटते. नखानं चाचपून बघा, डोळ्यांआधी नखाला कळते. ती रेघ दिसली की ती काडतुसं त्या पिस्तुलात पुन्हा घालायची नाहीत.

स्लाइड आणि फ्रेमच्या मध्ये बसवायची पॉलियुरेथेनची चकती काहीजण वापरतात. तिनं आदळण्याचा कडवटपणा कमी होतो, हे खरं. पण ती स्लाइडचा प्रवास दोन-अडीच मिलिमीटरनं कमी करते, आणि फाटली की तिचे तुकडे आतल्या भागांत जातात. वापरायचीच तर दर सफाईला काढून बघायची.

सफाईच्या वेळी मॅगझिन बाहेर, चेंबर डोळ्यांनी आणि बोटानं तपासलेलं, आणि मगच सुट्टे भाग. नव्या पिस्तुलात पोलादाला पोलाद भिडतं तिथे पहिल्या काही शे गोळ्यांत चकाकी येते. ती झीज नव्हे, भाग एकमेकांत बसत असतात. काळजी करायची ती थांबत नसलेल्या बदलाची: लगांच्या कडा दुमडून ओठ आल्यासारख्या होणं, स्लाइड-स्टॉपच्या खाचेचा कोपरा गोलावणं, फ्रेमवर स्लाइड टेकते तिथे खड्डा पडणं. दर वेळी त्याच कोनातून मोबाइलवर फोटो काढून ठेवला तर वाढ चटकन कळते. स्लाइड सरकते त्या रुळांवर, नळीच्या पाठीवर आणि लगांवर वंगण हवंच. जोरदार काडतुसांना पातळ तेल उडून जातं, तिथे हलकं ग्रीस टिकतं.

तडे जातात ते कोपऱ्यांत. जिथे पोलाद एकदम पातळ होतं किंवा खाच काटकोनात वळते तिथे ताण गोळा होतो. कोल्टनं १९८७ साली १९११ च्याच अंगाचं डेल्टा एलीट १० मिमीत आणलं. सुरुवातीच्या काही फ्रेम स्लाइड-स्टॉपच्या छिद्रावरच्या रुळात तडकू लागल्या. तिथे पोलादाची एक अरुंद पट्टी पुलासारखी राहिली होती. तो दीडपट मार तिला सोसेना. कोल्टचा उपाय असा, की त्यांनी ती पट्टी जाड केली नाही, कापूनच टाकली. तिच्यावर भार असा नव्हताच. पूल नाही, तर तडकायलाही काही नाही.

तडा शोधायचा तर तो कोपरा तेलानं माखा, मग फडक्यानं अगदी कोरडा पुसा आणि दहा मिनिटं थांबा. तडा असेल तर आत शिरलेलं तेल केसाएवढ्या रेघेतून परत झिरपून येतं. रुळ, पुंगळी बाहेर पडायच्या खिडकीचे कोपरे, नळीखालचे लग, आणि बेरेटा ९२ सारख्या पिस्तुलात नळीखाली झुकणारा लॉकिंग ब्लॉक, एवढ्या जागा भिंगानं बघाव्यात. लॉकिंग ब्लॉक, पिन, स्प्रिंग हे बदलायचेच भाग आहेत, ते बदलून पुढे जावं. स्लाइडवर किंवा फ्रेमवर रेघ दिसली तर गोष्ट वेगळी. १९८७-८८ च्या सुमारास अमेरिकी सैन्याकडे असलेल्या बेरेटाच्या काही स्लाइड झाडताना मधोमध तुटल्या आणि मागचा अर्धा भाग झाडणाऱ्याच्या तोंडावर येऊन लागला. नंतरच्या ९२ एफएसमध्ये घोड्याच्या पिनेचं डोकं मोठं केलं गेलं, ते तुटलेली स्लाइड फ्रेममध्येच अडकून राहावी म्हणून. तुमच्या पिस्तुलात अशी सोय असेल किंवा नसेल. रेघ दिसली त्या क्षणापासून त्यातून आणखी एकही गोळी झाडायची नाही; ते निर्मात्याकडे किंवा जाणत्या कारागिराकडे जायला हवं.